छळछावणीपर्यंत न पोचलेली माणसं

मराठीत आपण सरसकट ‘छळछावणी’ म्हणतो. शाळेच्या पुस्तकात तोच शब्द, वर्तमानपत्रात तोच. तो इतका अंगवळणी पडलाय की त्याच्याकडे कुणी निरखून बघत नाही. पण छळायचं म्हटलं तर माणूस आधी जिवंत ठेवावा लागतो. हिटलरच्या राजवटीत साधारण ६० लाख ज्यू मारले गेले आणि त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला अशा छावणीतली एक रात्रसुद्धा आली नाही. निम्म्याच्या आसपास विषारी वायूने मेले, तेही बहुतांशी गाडीतून उतरल्यावर काही तासांत. वीस लाखांच्या आसपास लोकांना त्यांच्याच गावाबाहेर, खड्ड्याच्या काठावर उभं करून गोळ्या घातल्या. बाकीचे घेट्टोतल्या, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्त्यांतल्या, उपासमारीने, टायफसच्या तापाने आणि छावण्यांमधल्या मरेस्तोवर करून घेतलेल्या कामाने गेले.

म्हणजे काटेरी तारा, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, हातावर गोंदलेला नंबर हे जे ओळखीचं चित्र डोळ्यांपुढे येतं, ते काही काळ तरी जिवंत ठेवलेल्यांचं आहे. ज्यांना नंबरच मिळाला नाही, ते त्या चित्रात नाहीत. म्हणून हा विषय समजून घ्यायचा तर दोन गोष्टी आधी वेगळ्या कराव्या लागतात: कैदी डांबायच्या छावण्या आणि माणसं मारायची ठिकाणं. नाझींनी दोन्ही उभारल्या, पण वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या हेतूने.

छावण्या आधी आल्या. हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी जर्मनीचा चान्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, झाला आणि दोन महिने व्हायच्या आत, २२ मार्चला, म्युनिकजवळ दाखाऊ इथे दारूगोळ्याच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात पहिले कैदी आणले गेले. यात लपवाछपवी काही नव्हती. पाच हजार माणसं मावतील अशी छावणी उघडतोय, हे म्युनिकचा तेव्हाचा पोलीसप्रमुख हाइनरिश हिमलर याने वर्तमानपत्रांतून जाहीर केलं होतं. लोकांना धाक बसावा हाच तर हेतू होता. आत गेले ते मुख्यतः कम्युनिस्ट, समाजवादी, कामगार पुढारी. त्यांत ज्यू होते आणि त्यांना मारही जास्त बसायचा, पण तेव्हाची छावणी ज्यूंसाठी बांधलेली नव्हती.

तुरुंगात जाणाऱ्यावर काही आरोप असतो, खटला चालतो, शिक्षेला मुदत असते. छावणीत यांतलं काहीच नव्हतं. पोलिसांच्या मनात आलं की माणूस आत. याला त्यांनी नाव दिलं होतं ‘संरक्षक कोठडी’. कोर्टात दाद नाही, सुटकेची तारीख नाही. एसएस या नाझींच्या सशस्त्र दलातल्या थिओडोर आइके नावाच्या अधिकाऱ्याने दाखाऊसाठी फटक्यांपासून फाशीपर्यंतची नियमावली लिहून काढली आणि पुढच्या छावण्या तिच्याच बरहुकूम चालल्या. कपड्यांवर रंगीत त्रिकोण शिवायची पद्धत पुढे पडली: राजकीय कैद्याला लाल, गुन्हेगाराला हिरवा, समलिंगी पुरुषाला गुलाबी, यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना जांभळा. ज्यूच्या छातीवर त्याशिवाय एक पिवळा त्रिकोण उलटा जोडायचे, म्हणजे दोन्ही मिळून चांदणी व्हायची.

आपल्याकडे ज्यू म्हटलं की कोकणातले बेने इस्रायली आठवतात, अलिबागकडचे शनिवार तेली, घरात मराठी बोलणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. जर्मनीतले ज्यूही असेच त्या मातीत मुरलेले होते. १९३३ साली ते पाच लाखांच्या थोडे वर होते, लोकसंख्येच्या एक टक्काही नाही. पहिल्या महायुद्धात त्यांच्यातले सुमारे एक लाख लोक जर्मन सैन्यात होते आणि १२,००० मारले गेले. तरीही युद्ध हरलं तेव्हा ‘ज्यूंनी पाठीत खंजीर खुपसला’ ही आवई उठली आणि मुरली. येशूच्या मृत्यूचं खापर त्यांच्या माथी फोडणारा शतकांचा जुना द्वेष होताच. त्यावर एकोणिसाव्या शतकात ‘वंशा’च्या खोट्या शास्त्राचा मुलामा चढला. मग १९२३ ची भयंकर महागाई, १९२९ नंतरची मंदी, साठ लाखांच्या घरात गेलेले बेकार. जुन्या विखाराला नवं गिऱ्हाईक मिळालं ते असं.

‘वंश’ या शब्दाने काय बदललं ते मात्र नीट समजून घेतलं पाहिजे. धर्माचा द्वेष असता तर धर्म बदलून सुटका झाली असती. १५ सप्टेंबर १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी आणि त्यांच्या नियमांनी ती वाटच बंद केली. चार आजी-आजोबांपैकी तीन किंवा चार ज्यू असतील तर माणूस ज्यू. मग तो चर्चमध्ये जातो की कुठेच जात नाही, याला काही अर्थ उरला नाही. ज्यूंचं नागरिकत्व गेलं, इतरांशी लग्न हा गुन्हा ठरला. आणि ‘तू कोण’ हे ठरवायला आता शेजाऱ्यापाजाऱ्याचा राग लागणार नव्हता. चर्चच्या आणि नगरपालिकेच्या दप्तरातला आजोबांचा जन्मदाखला पुरेसा होता. पुढे १९३९ पासून ज्यू पुरुषांना नावात ‘इस्रायल’ आणि बायकांना ‘सारा’ जोडणं सक्तीचं झालं. त्याच्या आधीच पासपोर्टवर ‘जे’ अक्षराचा शिक्का पडायला लागला होता.

ज्यू म्हणूनच माणसं मोठ्या संख्येने छावण्यांत गेली ती ९-१० नोव्हेंबर १९३८ च्या रात्रीनंतर. त्या रात्री जर्मनीभर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली, दुकानं फोडली, आणि सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना पकडून दाखाऊ, बुखेनवाल्ड, साक्सेनहाउसेन इथे नेलं. वर दंड म्हणून ज्यूंकडूनच एक अब्ज मार्क वसूल केले. पकडलेल्यांतले बहुतेक जण काही आठवड्यांत सुटले, पण एका अटीवर: देश सोडून जायचं. तोवर धोरण हाकलून देण्याचं होतं.

जायचं कुठे? जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ इथे ३२ देश या प्रश्नावर बसले आणि जवळजवळ प्रत्येकाने हळहळ व्यक्त करून दार लावून घेतलं. मे १९३९ मध्ये ‘सेंट लुई’ हे जहाज ९३७ प्रवासी घेऊन क्यूबाला पोचलं. बहुतेक सगळे ज्यू निर्वासित. क्यूबाने मोजक्यांनाच उतरू दिलं, अमेरिकेने कुणालाच नाही, आणि जहाज युरोपला परत फिरलं. परतलेल्यांपैकी २५४ जण पुढे मारले गेले. थोडे लोक मुंबईलाही आले. त्यांतला एक वॉल्टर कॉफमन, संगीतकार, १९३४ मध्ये आला. पहाटे आकाशवाणी सुरू होताना वाजणारी जी धून दोन-तीन पिढ्यांच्या कानात आहे ती त्याची. युद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारने अशा निर्वासितांपैकी काहींना ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून अहमदनगरला नेऊन डांबलं. हिटलरला ते ज्यू म्हणून नको होते, इंग्रजांना जर्मन म्हणून. (कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश छावणीचं नाव याच संदर्भात घेतलं जातं, पण ती वेगळी गोष्ट. ती माणसं स्टॅलिनने पूर्व पोलंडमधून सायबेरियाकडे पिटाळलेली होती आणि बहुतेक ख्रिस्ती होती.)

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि सगळं गणित बदललं. पोलंडमध्ये ३३ लाख ज्यू होते. एवढ्यांना हाकलणार कुठे? त्यांना शहरांच्या एका कोपऱ्यात कोंबलं, भोवती भिंत घातली. वॉर्सॉचा घेट्टो नोव्हेंबर १९४० मध्ये बंद झाला: साडेतीन चौरस किलोमीटरलाही थोडी कमी जागा आणि आत चार लाखांवर माणसं. माणशी मिळणारं अधिकृत रेशन दिवसाला दोनशे कॅलरीसुद्धा भरत नव्हतं. फटीतून आत-बाहेर करून पाव आणणारी लहान मुलं घरं चालवत होती.

मग २२ जून १९४१ ला सोव्हिएत रशियावर स्वारी झाली आणि सैन्यामागून खास पथकं गेली. गावात शिरायचं, ज्यूंना गोळा करायचं, बाहेर नेऊन गोळ्या घालायच्या. कीव्हजवळच्या बाबी यार घळीत २९ आणि ३० सप्टेंबर या दोन दिवसांत ३३,७७१ माणसं मारली. आकडा इतका नेमका आहे कारण तो मारणाऱ्यांनीच बर्लिनला कळवला होता.

गोळ्या घालण्यात अडचण कोणती वाटली, तर मारणाऱ्यांच्या मनावर ताण येतो ही! वायूकडे वळण्यामागे हे एक मोठं कारण होतं. आणि वायूचा अनुभव हाताशी होता. १९४० पासून ऑगस्ट १९४१ पर्यंत जर्मनीतल्याच ७०,००० हून जास्त मनोरुग्णांना आणि अपंगांना डॉक्टरांच्या सह्यांनी वायूच्या खोल्यांमध्ये मारलं होतं. लोकांमध्ये कुजबुज वाढली, एका बिशपने उघड निषेध केला, तेव्हा ते काम निदान वरवर थांबवलं. त्यातली अनुभवी माणसं मग पोलंडला पाठवली गेली.

२० जानेवारी १९४२ ची वानझे परिषद अनेकांच्या वाचनात असते. बर्लिनच्या एका तळ्याकाठच्या बंगल्यात पंधरा अधिकारी बसले, त्यांतले आठ डॉक्टरेट मिळवलेले. तासा-दीड तासात सगळं आटोपलं. ज्यूंना मारायचा निर्णय तिथे झाला असं आपण वाचतो, पण मारणं आधीच सुरू झालं होतं. पोलंडमधल्या खेल्मनो इथे ८ डिसेंबर १९४१ पासून बंद ट्रकमध्ये धूर सोडून माणसं मारत होते. वानझेला झालं ते खात्याखात्यांचं जुळवून घेणं: कुणी काय करायचं, कुणाचा अधिकार कुठवर. ज्यूंच्या पाठवणीचं खातं सांभाळणाऱ्या अडॉल्फ आइखमन या एसएस अधिकाऱ्याने तयार केलेल्या इतिवृत्तात देशवार तक्ता आहे. एकूण १ कोटी १० लाख ज्यू. त्यात जर्मनीने कधी न जिंकलेल्या आयर्लंडचे ४,००० सुद्धा आहेत.

आता माणसं मारायच्या ठिकाणांकडे येऊ. बेल्झेक, सोबिबोर, ट्रेब्लिंका ही तीन नावं आउश्विट्झच्या मानाने आपल्या कानावर कमी पडतात. पण तिथे सुमारे १७ लाख ज्यू मारले गेले. या तिन्ही ठिकाणी मोठ्या बराकी नव्हत्या, कारण मुक्काम कुणाचा करायचाच नव्हता. ट्रेब्लिंका लांबीरुंदीला साधारण ६०० मीटर बाय ४०० मीटर. एसएसची पंचवीस-तीस माणसं आणि शंभरेक पहारेकरी. एवढ्यांनी तिथे साडेआठ-नऊ लाख माणसं मारली.

११ जानेवारी १९४३ रोजी लुब्लिनहून हर्मान ह्योफ्ले या अधिकाऱ्याने क्राकोला एक छोटा गुप्त संदेश पाठवला. इंग्रजांनी तो बिनतारी संदेश पकडला, उलगडला, पण त्याचा अर्थ कुणाच्या ध्यानात आला नाही. तो कागद २००० साली इंग्रजांच्या दप्तरात सापडला. त्यात ३१ डिसेंबर १९४२ अखेरचा हिशोब आहे, फक्त अक्षरं आणि आकडे. एल: २४,७३३. बी: ४,३४,५०८. एस: १,०१,३७०. टी: ७१,३५५. एकूण: १२,७४,१६६.

बेरीज करून बघा, जुळत नाही. ‘टी’चा आकडा लिहिताना एक पाच गळलाय. ७,१३,५५५ धरला की बेरीज चोख येते. टी म्हणजे ट्रेब्लिंका, बी बेल्झेक, एस सोबिबोर, एल लुब्लिन-मायदानेक. एक अंक लिहायचा राहिला आणि सव्वासहा लाखांवर माणसं कागदावरून पुसली गेली. ती परत सापडली ती खालच्या बेरजेमुळे. त्या संदेशात त्या माणसांची याहून वेगळी नोंद नाही. मी हा संदेश पहिल्यांदा वाचला तेव्हा कितीतरी वेळ त्या गळलेल्या पाचावरच अडकून होतो.

‘वेड्या हिटलरने केलं’ असं म्हणून मोकळं होणं मला म्हणूनच पटत नाही. आपल्याकडे कडक हेडमास्तरला, शिस्तीच्या बापाला सहज ‘हिटलर’ म्हणतात. म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण त्या शब्दात एक तापट, ओरडणारा माणूस तेवढा उरतो आणि कारकून, स्टेशन मास्तर, हिशोबनीस सुटून जातात. रेल्वेचंच बघा. जर्मन रेल्वेने ज्यूंना मारायला नेण्याचं भाडं लावलं होतं. दर तिसऱ्या वर्गाचा, किलोमीटरमागे चार फेनिग (शंभर फेनिगचा एक मार्क). दहा वर्षांखालच्या मुलाला हाफ तिकीट, चार वर्षांखालच्याला फुकट. चारशेच्या वर माणसं असली तर सवलतीचा सामुदायिक दर, म्हणजे निम्मं. बिल आइखमनच्या खात्याच्या नावे निघायचं आणि पैसे बऱ्याचदा ज्यूंच्याच जप्त मालमत्तेतून चुकते व्हायचे. प्रवाशांचं तिकीट फक्त जायचं, पहाऱ्यावरच्या शिपायांचं जायचं-यायचं.

हे तिकीट ज्या डब्यांसाठी होतं ते मालाचे डबे. आत बसायला जागा नाही, एक बादली, हवेला एक जाळी. वॉर्सॉहून ट्रेब्लिंका शंभर किलोमीटरच्या आत, तरी गाड्या तासन् तास साइडिंगला उभ्या राहायच्या आणि उन्हाळ्यात पाण्यावाचून माणसं वाटेतच मरायची.

वॉर्सॉच्या घेट्टोत यानुश कोर्चाक नावाचे एक डॉक्टर अनाथाश्रम चालवत होते. खरं नाव हेन्रिक गोल्डश्मिट. मुलांचे डॉक्टर, मुलांचे लेखक, रेडिओवर ‘म्हातारे डॉक्टर’ म्हणून सगळ्या पोलंडला ठाऊक. त्यांच्या आश्रमातल्या मुलांनी १८ जुलै १९४२ रोजी एक नाटक केलं, रवींद्रनाथ टागोरांचं ‘डाकघर’. आजारी अमलला घराबाहेर पडायची मनाई आहे, तो खिडकीशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलतो आणि राजाच्या पत्राची वाट बघतो. भिंतीआडच्या मुलांना ते वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

चारच दिवसांनी, २२ जुलैला, घेट्टो रिकामा करायला सुरुवात झाली. पुढे भिंतींवर पत्रकं लागली: आपणहून स्टेशनवर येणाऱ्याला तीन किलो पाव आणि एक किलो जॅम. भुकेने अर्धमेली माणसं खरोखर पावासाठी गेली. ऑगस्टच्या सुरुवातीला आश्रमाची पाळी आली. कोर्चाकना निसटायच्या संधी पुढे करण्यात आल्या होत्या, त्या त्यांनी घेतल्या नाहीत. सुमारे दोनशे मुलं, कोर्चाक, त्यांच्या सहकारी स्तेफानिया विल्चिन्स्का आणि इतर शिक्षक रांगेने चालत स्टेशनवर गेले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्या एका घेट्टोतून साधारण २,६५,००० लोक ट्रेब्लिंकाला नेले गेले.

तिथे काय व्हायचं? पन्नास-साठ डब्यांची गाडी गावाच्या स्टेशनात थांबायची आणि त्यातले वीस-वीस डबे तोडून आत ढकलायचे, कारण फलाट तेवढाच होता. उतरणाऱ्यांना सांगायचे की ही वाटेतली छावणी आहे, अंघोळ करा, पुढे कामावर जायचंय. पुढे तर १९४२ च्या अखेरीस फलाटावर खोटं स्टेशनच रंगवलं: तिकीट खिडकी, गाड्यांच्या पाट्या, आणि भिंतीवर एक घड्याळ, ज्याचे काटे रंगाचे होते. पुरुष एकीकडे, बायकामुलं दुसरीकडे. कपडे काढायचे, बायकांचे केस कापायचे, मग कुंपणामधल्या अरुंद वाटेने पळत जायचं. वाटेच्या टोकाला त्या खोल्या. बाहेर मोठं इंजिन चालू असायचं आणि त्याचा धूर नळांनी आत. ज्यांना चालवत नाही अशा म्हाताऱ्यांना ‘दवाखान्यात’ न्यायचे. तिथे रेडक्रॉसचं निशाण होतं आणि त्यामागे खड्डा.

आउश्विट्झ निराळं होतं. म्हणूनच तिथल्या कथा आपल्यापर्यंत पोचल्या. १९४० मध्ये ते पोलिश राजकीय कैद्यांसाठी उघडलं. मग शेजारी बिर्केनाऊ वाढलं, मोनोविट्झला आय. जी. फार्बेन कंपनीच्या रबर कारखान्यासाठी मजुरांची छावणी झाली. म्हणजे छावणी आणि मारायचं ठिकाण, दोन्ही एकाच जागी. गाडी आली की फलाटावर एसएसचा डॉक्टर एका नजरेत निवड करायचा: धडधाकट दिसणारे एकीकडे, बाकीचे, लहान मुलं आणि त्यांच्या आयांसकट, दुसरीकडे. आणलेल्या सुमारे ११ लाख ज्यूंपैकी साधारण दोन लाखांचीच कैदी म्हणून नोंद झाली. उरलेले बहुतेक ज्या दिवशी आले त्याच दिवशी झिक्लोन-बी या विषारी वायूने मेले. हे मूळचं ढेकूण-उवा मारायचं औषध. नंबर गोंदायची पद्धत फक्त आउश्विट्झमध्येच होती, आणि नंबर मिळणं म्हणजे निदान आजचा दिवस मिळणं.

तो दिवस कसा जायचा? पहाटे अंधारात गजर, मग हजेरी. डोकी जुळेपर्यंत तासन् तास उभं राहायचं, पावसात, बर्फात. रात्रीत मेलेल्यालाही ओढून रांगेत आणायचं, कारण आकडा जुळला पाहिजे. सकाळी कॉफी म्हणून काळपट पाणी, दुपारी सलगमाचं पातळ सूप, संध्याकाळी साधारण ३०० ग्रॅम पाव आणि त्यावर जराशी मार्गारिन. सूपच्या रांगेत कुठे उभं राहायचं हीसुद्धा विद्या होती. पुढे असलात तर वरचं पाणी, मागे असलात तर पातेल्याच्या तळाशी बसलेले बटाट्याचे तुकडे, आणि फार मागे असलात तर संपलेलंच. वाडगं हरवलं तर सूप नाही, म्हणून झोपताना ते उशाला. पायात मापात नसलेल्या लाकडी तळाच्या खडावा. त्यांनी जखम व्हायची, पाय सुजायचा, चालणं मंदावायचं, आणि पुढच्या निवडीत माणूस बाद. कित्येकांचा मृत्यू पायापासून सुरू झाला.

कारखान्याची कंपनी एसएसला साध्या मजुराचे दिवसाला तीन मार्क आणि कारागिराचे चार मार्क मोजत होती. कैद्याला त्यातलं काही नाही. बराकीत हुकूम चालायचा तो ‘कापो’चा. तो कैदीच, पण हातात काठी आणि वाट्याला जास्त सूप. कैद्यांकडूनच कैद्यांना राबवून घ्यायची ही व्यवस्था होती. जगण्यासाठी माणसाने काय केलं आणि काय केलं नाही, याचा निवाडा पोटभर जेवून बसलेल्या आपण करू नये असं मला मनापासून वाटतं. मेलेल्यांच्या सामानाच्या गोदामाला कैदी ‘कॅनडा’ म्हणत, म्हणजे रेलचेलीचा देश. तिथे बॅगांचे ढीग असायचे. आज संग्रहालयात अशा ३,८०० बॅगा आहेत. कितीतरी बॅगांवर पांढऱ्या रंगात ठळक नाव आणि पत्ता लिहिलाय, कारण सामान नंतर परत मिळेल असं मालकाला सांगितलं होतं.

माणसं मारायचा हा कारखाना सर्वांत वेगाने चालला तो युद्ध हरणार हे दिसत असताना. १५ मे ते ९ जुलै १९४४ या आठ आठवड्यांत हंगेरीतून ४,३०,००० हून जास्त ज्यू, बहुतेक सगळे आउश्विट्झला, आणले गेले. त्यासाठी बिर्केनाऊच्या आतपर्यंत नवा रूळ टाकला होता.

‘एवढे होते तर उठले का नाहीत?’ हा प्रश्न हमखास येतो. उठले. एप्रिल १९४३ मध्ये वॉर्सॉ घेट्टोतल्या उरलेल्यांनी जवळजवळ महिनाभर झुंज दिली. २ ऑगस्ट १९४३ ला ट्रेब्लिंकात, १४ ऑक्टोबरला सोबिबोरमध्ये कैद्यांनी बंड केलं आणि शेकडो जण कुंपणापलीकडे पळाले. ७ ऑक्टोबर १९४४ ला आउश्विट्झमध्ये, प्रेतं जाळायच्या कामावर जुंपलेल्या कैद्यांनी एक भट्टी पेटवून दिली. त्यांच्याकडची बंदुकीची दारू आली होती शस्त्रांच्या कारखान्यातल्या मुलींकडून, चिमूट-चिमूट, कपड्यांत लपवून. त्या प्रकरणी रोझा रोबोटा आणि आणखी तिघींना जानेवारी १९४५ मध्ये फाशी दिलं. एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही, म्हणून बाकीचे वाचले. पण ज्या आईला सांगितलंय की अंघोळीला चाललोय, जिच्या कडेवर मूल आहे आणि जी तीन दिवस पाण्यावाचून डब्यात होती, तिला हा प्रश्न विचारताच येत नाही.

२७ जानेवारी १९४५ ला सोव्हिएत रशियाची लाल सेना आउश्विट्झमध्ये पोचली तेव्हा तिथे साधारण ७,००० कैदी उरले होते, बहुतेक आजारी. चालू शकणाऱ्या सुमारे ५६,००० जणांना दहा दिवस आधीच बर्फातून पश्चिमेकडे हाकलत नेलं होतं. त्यांतले हजारो रस्त्याच्या कडेला गोळी खाऊन किंवा गारठून मेले. जे पुढे पोचले त्यांतले कित्येक बेर्गेन-बेल्झेनसारख्या खचाखच भरलेल्या छावण्यांत टायफसने गेले. डायरी लिहिणारी ॲन फ्रँक बेर्गेन-बेल्झेनलाच वारली. तिला त्याआधीच, १९४४ च्या शरदात, आउश्विट्झहून हलवलं होतं. आउश्विट्झचा कमांडंट रुडॉल्फ होस, जो छावणीच्या भिंतीला लागून असलेल्या घरात बायको आणि पाच मुलांसह राहायचा, त्याला १६ एप्रिल १९४७ ला त्याच छावणीच्या आवारात फाशी झाली.

आउश्विट्झला निदान विटा उरल्या, भट्ट्यांचे ढिगारे उरले. ट्रेब्लिंकाला काहीच ठेवलं नाही. पुरलेली प्रेतं आधीच उकरून जाळली होती. १९४३ च्या शरदात सगळं पाडलं, जमीन नांगरली, वर ल्युपिनचं पीक पेरलं आणि एका पहारेकऱ्याला तिथे शेतकरी म्हणून घर बांधून दिलं. युद्धानंतर जिवंत सापडलेले ट्रेब्लिंकाचे कैदी शंभरही भरले नाहीत.

१९६४ मध्ये त्या जागेवर स्मारक झालं. कापून नीट न केलेले, ओबडधोबड सुमारे १७,००० दगड जमिनीत उभे रोवलेत. काहींवर नावं आहेत, ती गावांची: जिथून माणसं आणली ती गावं. माणसाचं नाव फक्त एका दगडावर आहे. त्यावर लिहिलंय, ‘यानुश कोर्चाक (हेन्रिक गोल्डश्मिट) आणि मुलं’. मुलांची नावं नाहीत.